8.06 ते 8.27

गुरुवार, 9 डिसेंबर 2021

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे वादळ-अंदाज केंद्र ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन शहरात आहे. शुक्रवारी संध्याकाळपासून मिसिसिपीच्या खोऱ्यात जोरदार गडगडाटी वादळे उठतील, त्यांतून टोर्नाडोही निर्माण होऊ शकतील, हा अंदाज आदल्या दिवशीच वर्तवलेला होता. हे आधी सांगायला हवे, कारण त्या शुक्रवारी रात्री टोर्नाडोने इलिनॉयमधले ॲमेझॉनचे एक गोदाम पाडले, सहा माणसे मेली, आणि अशा वेळी 'निसर्गापुढे कोणाचे काय चालते' असे म्हणून मोकळे होणे फार सोपे असते.

टोर्नाडो आपल्या ओळखीचा नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा किनाऱ्यालगतच्या लोकांना आदल्या दिवसापासूनच सुरक्षित जागी हलवता आले होते. चक्रीवादळ समुद्रावर दिवस-दिवस वाढते, त्याचा मार्ग नकाशावर आखता येतो. टोर्नाडो एखाद्या गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली उतरतो, काही मिनिटे जमिनीवरून फिरतो आणि विरतो. अमुक जिल्ह्यांत आज धोका आहे, एवढे एक दिवस आधी सांगता येते. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या छपरावर, हे कळायला हातात उरतात दहा-वीस मिनिटे. ती मिनिटे विचार करायची नसतात. काय करायचे हे तोवर अंगवळणी पडलेले असावे लागते आणि त्यासाठीच प्रशिक्षण असते.

शुक्रवार, 10 डिसेंबर, सकाळ

एडवर्ड्सव्हिल हे इलिनॉय राज्यातले सुमारे 27 हजार वस्तीचे गाव. मिसिसिपी ओलांडली की पलीकडे सेंट लुईस. गावाच्या कडेला, महामार्गांच्या सोयीने, सपाट जमिनीवर गोदामांची वसाहत उभी राहिली आहे. तिथेच ॲमेझॉनचे 'डीएलआय 4' हे डिलिव्हरी स्टेशन 2020 मध्ये सुरू झाले.

या इमारतीचा दिनक्रम समजून घेतला नाही तर रात्रीचे काही कळणार नाही. रात्रभर मोठ्या ट्रकांतून माल येतो, पहाटेपर्यंत तो रूटप्रमाणे पिशव्यांत लावून होतो आणि सकाळी व्हॅनच्या तुकड्या एकामागून एक भरून बाहेर पडतात. मग दिवसभर चालक बाहेर असतो. एका रूटवर दीडशेच्या वर थांबे असणे नेहमीचे. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास व्हॅन परत येऊ लागतात. राहिलेली पार्सले, रिकाम्या पिशव्या, स्कॅनर, किल्ल्या जमा करायच्या आणि घरी जायचे. म्हणजे या चालकांचा इमारतीशी संबंध दिवसातून दोनदा, तोही दाराशी. आत कोणत्या भिंतीमागे काय आहे, हे पाहायची वेळ त्यांच्यावर सहसा येत नाही.

नाताळ पंधरा दिवसांवर होता. या व्यवसायात हा वर्षातला सर्वांत घाईचा काळ. हंगामी भरती झालेली असते, नवे चेहरे असतात.

यातले बहुतेक चालक ॲमेझॉनचे नोकर नव्हते. कंपनीने 2018 पासून 'डिलिव्हरी सर्व्हिस पार्टनर' नावाची व्यवस्था उभी केली आहे. लहान ठेकेदार कंपन्या चालक नेमतात, पगार देतात, हजेरी ठेवतात. व्हॅनवर नाव ॲमेझॉनचे, अंगावरचे जाकीट ॲमेझॉनचे, कोणत्या घरी कधी जायचे ते सांगणारे ॲप ॲमेझॉनचे, पण मालक वेगळा. एरवी ही विभागणी कागदावरच राहते. संकटात मात्र 'थांबा' कोणी म्हणायचे, हा प्रश्न याच फटीत अडकतो.

डिलिव्हरीच्या कामावर नव्याने आलेल्या माणसाला काय शिकवतात? पाठ न दुखवता खोके कसे उचलायचे, व्हॅन मागे घेण्याआधी उतरून का पाहायचे, कुत्रा अंगावर आला तर काय करायचे, पट्टा केव्हा लावायचा. सगळे आवश्यक आहे, त्याने हातपाय वाचतात. पण हे शिक्षण काम चालू ठेवून इजा टाळण्याचे आहे. काम थांबवायची वेळ आली हे कसे ओळखायचे, थांबवायचा हक्क कोणाचा, थांबलो तर उद्या नोकरी राहील का, हा धडा वेगळा आणि तो पहिल्या दिवशीच द्यायला हवा. तो दिला नाही तर चालक त्याची उत्तरे आपल्यापुरती ठरवून टाकतो, आणि ज्याच्या घरी भाडे थकलेले असते तो ती एकाच बाजूने ठरवतो.

अमेरिकेत कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची देखरेख करणारी सरकारी संस्था म्हणजे ओशा. तिच्या नियमानुसार दहापेक्षा जास्त कामगार असतील तिथे आपत्कालीन योजना लेखी असावी लागते, इशारा देण्याची यंत्रणा असावी लागते आणि कामगार रुजू होताना ती योजना त्याला समजावून सांगावी लागते. सराव किती वेळा घ्यायचा, याचा आकडा मात्र त्या नियमात नाही. सांगितले की नियम पाळला. माणसाला ते आठवते का, अंधारात त्याचे पाय तिकडे वळतात का, हे तपासायची सक्ती नाही.

दुपार

डिसेंबरला न शोभणारी ऊब होती. मेक्सिकोच्या आखातावरून दमट, कोमट हवा उत्तरेकडे सरकत होती आणि पश्चिमेकडून थंड हवा येत होती. व्हॅन रस्त्यावर होत्या.

संध्याकाळ, 4.40 नंतर

सूर्य मावळला. रात्रीचा टोर्नाडो दिवसाच्या टोर्नाडोपेक्षा जास्त माणसे मारतो, कारण तो दिसत नाही.

संध्याकाळी सेंट लुईस परिसरासाठी 'टोर्नाडो वॉच' जाहीर झाला. अमेरिकेत इशाऱ्याच्या दोन पायऱ्या असतात. वॉच म्हणजे हवा तशी झाली आहे, लक्ष ठेवा, आसरा कुठे घ्यायचा ते ठरवून ठेवा. वॉर्निंग म्हणजे टोर्नाडो प्रत्यक्ष दिसला किंवा रडारवर फिरणारा वारा पकडला गेला, आता याच क्षणी आसऱ्याला जा. तिथली शाळेतली मुलेही यातला फरक शिकतात.

ज्या कंपनीकडे शेकडो व्हॅनची जागा मिनिटामिनिटाला दिसते, तिच्यासाठी खरा निर्णयाचा क्षण वॉचचा होता. उशिरा परतणाऱ्यांना लवकर बोलावता आले असते. वेळेवर परतणाऱ्यांना 'जिथे आहात तिथे पक्के घर शोधा, आमच्या गोदामात गर्दी करू नका' असे सांगता आले असते. व्यवस्थापकांना आसऱ्यासाठी ठरलेली इमारतीच्या उत्तरेकडची जागा मोकळी करून, इशारा देण्याचा कर्णा बाहेर काढून ठेवायलाही तासभर पुरला असता.

7.08

इलिनॉयमध्येच, डीएलआय 4 पासून दूरच्या एका रस्त्यावर ॲमेझॉनची पार्सले पोचवणाऱ्या एका चालकाने आपल्या डिस्पॅचरला मेसेज केला: रेडिओवर सारखे इशारे येत आहेत. डिस्पॅचर म्हणजे ठेकेदाराच्या कचेरीत बसून चालकांना रस्त्यावर सांभाळणारा माणूस. त्याचे उत्तर आले, गाडी चालवत राहा. ॲमेझॉनने सांगितल्याशिवाय नुसत्या इशाऱ्यासाठी लोकांना परत बोलावता येत नाही.

हे संभाषण पुढे ब्लूमबर्गने छापले आणि ॲमेझॉननेही ते नाकारले नाही, म्हणून आज त्यावर बोलता येते. डीएलआय 4 कोसळायला अजून एक तास एकोणीस मिनिटे होती.

7.40 आणि पुढे

त्याच चालकाचा पुन्हा मेसेज. आता इथे टोर्नाडोचे भोंगे वाजत आहेत. उत्तर: सध्या डिलिव्हरी चालू ठेव, ॲमेझॉनकडून काय सांगतात ते पाहावे लागेल.

चालकाने लिहिले की स्वतःच्या जिवासाठी मी मागे फिरतोय. आजूबाजूला सगळ्या इमारती कुलूपबंद आहेत, तिथे व्हॅनमध्ये बसून राहणे म्हणजे आसरा नव्हे, व्हॅनचीच शवपेटी करणे आहे. आणि रडारकडे पाहिले तर अर्ध्या तासात वादळाचा सर्वांत वाईट भाग थेट डोक्यावर येणार आहे.

या निरोपात आपत्कालीन प्रशिक्षणात शिकवायचे जवळपास सगळे आहे. धोका कोणता ते ओळखले आहे. आसरा म्हणजे काय आणि काय नाही ते ओळखले आहे. रडार वाचून वेळ मोजली आहे. कोणीतरी कधीतरी या माणसाला नीट शिकवले असणार, किंवा त्या प्रदेशात वाढल्यामुळे ते अंगात असेल. रस्त्यावर एकटा असलेला माणूस याहून जास्त काय करू शकतो?

डिस्पॅचरने उलट लिहिले की परत यायचे तर ये, निर्णय तुझा. पण ते तुझ्या सुरक्षेसाठी केले असे धरले जाणार नाही. पार्सले घेऊन परतलास तर रूट नाकारल्यासारखे होईल आणि उद्या सकाळी नोकरी नसेल. भोंगे हा नुसता इशारा आहे.

त्या एका माणसाला धारेवर धरून आपण सुटत नाही. तोही कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत होता. त्याच्यासमोर रूट किती पूर्ण झाले याचे आकडे हलत असणार, आणि उशिरा गेलेल्या पार्सलांचा हिशेब त्याच्या मालकालाच द्यावा लागणार. ॲमेझॉनने नंतर सांगितले की या डिस्पॅचरने धोरण पाळले नाही, चालकाला लगेच आसऱ्याला जा असे सांगायला हवे होते. मी ते खरे धरते. पण मग जे धोरण डिस्पॅचरला माहीत नाही, किंवा माहीत असून जे मोडण्यात त्याला कमी धोका वाटतो, त्याला धोरण कसे म्हणायचे? प्रशिक्षण नेहमी सर्वांत खालच्या माणसाला दिले जाते. चालकाने पट्टा लावावा, चालकाने उतरून पाहावे. चालकाला 'चालू ठेव' म्हणणाऱ्याला मात्र 'थांबव' म्हणायला कोणी शिकवत नाही, आणि ते म्हटल्यावर त्याच्या पाठीशी कोण उभे राहील हेही कोणी सांगत नाही.

तो चालक त्या रात्रीतून वाचला.

8.06

राष्ट्रीय हवामान सेवेने एडवर्ड्सव्हिलच्या भागासाठी टोर्नाडो वॉर्निंग दिली. अशा वेळी त्या भागातल्या मोबाइलवर कर्कश आवाजात सरकारी सूचना येते, गावोगावचे भोंगे वाजू लागतात.

एकवीस मिनिटे उरली होती.

टोर्नाडोच्या हिशेबात हा मोठा अवधी आहे. आसरा दोन मिनिटांच्या अंतरावर असेल आणि प्रत्येकाला तो माहीत असेल, तर एकवीस मिनिटांत पूर्ण इमारत आत जाते, डोकी मोजली जातात, बाहेरून येणाऱ्या व्हॅनसाठी दाराशी माणूस उभा करता येतो.

डीएलआय 4 च्या लेखी योजनेत आसऱ्याला जाण्याची हाक कर्ण्यावरून द्यायची होती. तो कर्णा जाळीच्या कपाटात कुलूपबंद होता. पुढे ओशाच्या तपासणीत हे नोंदले गेले. व्यवस्थापक तोंडाने ओरडत फिरले. फुटबॉलची मैदाने मावतील एवढ्या लांबीच्या, पट्टे आणि रॅकांनी भरलेल्या इमारतीत माणसाचा आवाज कुठवर पोचतो हे गोदामात काम केलेल्या कोणालाही विचारावे. ज्यांनी हे केले ते धावत होते, लोकांना वाचवायचा प्रयत्न करत होते, हे विसरू नये. त्यांच्या हातात कर्णा नव्हता.

किल्ली कोणाकडे, हा प्रश्न एका सरावात सुटला असता. कुलूप समोर आले असते, कोणीतरी वैतागले असते आणि दुसऱ्या दिवशी कर्णा खिळ्याला टांगला गेला असता.

8.16

कंपनीच्या निवेदनाप्रमाणे 8.06 ते 8.16 या दहा मिनिटांत इशारे मिळाले आणि तिथल्या प्रमुखांनी लोकांना ताबडतोब आसरा घ्यायला सांगितले.

याच वेळी व्हॅन परतत होत्या. रूट संपवून आलेला चालक दिवसभर बसून आखडलेले पाय मोकळे करत दारातून आत येतो आणि समोरून कोणी ओरडते, बाथरूममध्ये जा. कुठल्या बाथरूममध्ये? ठरलेली जागा इमारतीच्या उत्तरेकडे होती. दक्षिणेकडेही स्वच्छतागृह होते. बहुतेक लोक उत्तरेकडे गेले. जे दक्षिण टोकाला होते त्यांच्यातले काही जण जवळच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या स्वच्छतागृहात गेले.

आसरा कुठे ठरला आहे हे आपल्याला आठवत नव्हते, असे काही कामगारांनी नंतर ओशाच्या तपासनिसांना सांगितले. वादळाच्या सरावात कधी भाग घेतल्याचेही काहींना आठवत नव्हते. घाबरलेला माणूस आणि दिवसभर राबलेला माणूस दोघेही जवळचे दार धरतात. लांबचे दार धरायचे असेल तर त्या दारापर्यंत तो आधी चालत गेलेला असावा लागतो. म्हणून सराव पायांना द्यायचा असतो, आणि रुजू होताना वाचून दाखवलेले पान पायांपर्यंत उतरत नाही.

दुसरी गोष्ट अशी की उत्तरेकडची जागाही खऱ्या अर्थाने निवारा नव्हती. ती इमारतीतली त्यातल्या त्यात बरी जागा होती. जाड भिंतींची, वाऱ्याचा मारा सोसायला मुद्दाम बांधलेली खोली त्या गोदामात नव्हती आणि असावी अशी कायद्याची सक्तीही नव्हती. टोर्नाडोच्या पट्ट्यातल्या नव्या शाळांना, पोलीस आणि अग्निशमन केंद्रांना अमेरिकेची आदर्श इमारत संहिता तसा निवारा बांधायला सांगते. गोदामांना सांगत नाही.

8.23

इमारतीतल्या एका चालकाने आपल्या जोडीदाराला मेसेज केला. वादळ निघून जाईपर्यंत ॲमेझॉन आम्हाला सोडत नाही, असा त्याचा आशय होता, असे त्या बाईने नंतर वर्तमानपत्रांना सांगितले. घर काही मिनिटांच्या रस्त्यावर होते.

या वेळी लोकांना इमारतीत थांबवणे बरोबर होते. वॉर्निंग आल्यानंतर गाडीने रस्त्यावर निघणे हा सर्वांत वाईट मार्ग असतो. चूक या मिनिटाची नव्हती. तीन तास आधी, वॉच आला तेव्हा, ज्यांना घरी पाठवता आले असते किंवा या इमारतीकडे येऊच नका म्हणता आले असते, त्यांना कोणी तसे म्हटले नाही. 8.23 ला घराकडे जाण्याचा प्रश्नच चुकीचा ठरतो, कारण बरोबर प्रश्नाची वेळ निघून गेलेली असते.

8.27

टोर्नाडो गोदामाच्या जवळच जमिनीला टेकला आणि वाढत इमारतीवर आला. हवामान सेवेने त्याला ईएफ-3 श्रेणी दिली. वाऱ्याचा वेग ताशी 240 किलोमीटरच्या आसपास.

अशा गोदामांच्या भिंती कशा उभ्या करतात ते पाहावे. काँक्रीटच्या मोठ्या लाद्या जमिनीवर आडव्या ओततात, सुकल्या की क्रेनने उभ्या करतात आणि वर छप्पर बसवतात. भिंत छपराला धरते, छप्पर भिंतीला धरते. स्वस्त पडते, लवकर होते, रोजच्या वापराला भक्कमही असते. पण वाऱ्याने छप्पर उचलले की भिंतीचा वरचा आधार जातो आणि ती आहे तशी सपाट खाली येते. डीएलआय 4 च्या भिंती 40 फूट उंच आणि 11 इंच जाड होत्या, असे एडवर्ड्सव्हिलचे अग्निशमन प्रमुख जेम्स व्हाइटफर्ड यांनी सांगितले. त्यांतल्या दोन बाजूंच्या भिंती आडव्या झाल्या आणि छप्पर खाली बसले.

इमारतीतून आगगाडी गेल्यासारखा आवाज झाला, असे वाचलेले सांगतात.

सहा जण मेले. ते दक्षिणेकडच्या स्वच्छतागृहात होते.

8.30 नंतर

अग्निशमन दल आले, आसपासच्या गावांची पथके आली. पाऊस, तुटलेल्या तारा, काँक्रीटचे ढीग. बाहेर आलेल्या कामगारांना बसमधून जवळच्या पॉन्टून बीच गावातल्या पोलीस ठाण्यात नेले.

बचाव करणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, आत किती जण? त्याचे उत्तर कोणाकडे नव्हते. वेगवेगळ्या ठेकेदारांचे चालक येत-जात होते. कोण परतले, कोण रस्त्यात, कोण किल्ली ठेवून घरी गेले, याची एकत्र यादी घटनास्थळी मिळाली नाही. इमारतीत त्या वेळी 46 माणसे होती, हा आकडा कंपनीने पुढे दिला.

ज्या व्यवसायात प्रत्येक पार्सल कोणत्या मिनिटाला कुठे आहे हे ग्राहकाला मोबाइलवर दिसते, तिथे माणसांची मोजदाद ढिगाऱ्याभोवती उभे राहून करावी लागली. मला या पूर्ण रात्रीत सर्वांत जास्त राग याचा येतो. पार्सल मोजायचे असे कोणीतरी ठरवले होते, म्हणून ते मोजले जात होते. माणसे मोजण्याचेही तसेच ठरवता आले असते.

9.30 च्या सुमारास

त्याच रात्री दक्षिणेला केंटकी राज्यातल्या मेफील्ड गावात दुसऱ्या, याहून कितीतरी मोठ्या टोर्नाडोने मेणबत्त्यांचा कारखाना पाडला. नाताळच्या मागणीसाठी रात्रपाळी चालू होती, आत सुमारे 110 कामगार होते. त्यांतले नऊ मेले. निघून गेलात तर नोकरी जाईल असे आपल्याला सांगितल्याचे काही कामगारांनी पत्रकारांना सांगितले, कंपनीने ते नाकारले. दोन राज्ये, दोन धंदे, दोन वेगळी वादळे, पण 'थांबा' कोणी म्हणायचे हा प्रश्न तोच.

शनिवार, 11 डिसेंबर

दिवस उजाडल्यावर ढिगारे उपसणे चालू राहिले. संध्याकाळपर्यंत मृतांचा आकडा सहावर गेला, आणि शोध आता जिवंतांसाठी राहिला नसल्याचे अग्निशमन दलाने सांगितले. मेलेल्यांपैकी बहुतेक ठेकेदारांकडे काम करणारे होते.

26 एप्रिल 2022

ओशाने तपास संपवला. दंड झाला नाही. कंपनीची आपत्कालीन व्यवस्था केंद्रीय नियमांच्या किमान अपेक्षेत बसत होती, म्हणून नियमभंगाचा ठपका ठेवता आला नाही. त्याऐवजी ओशाने धोक्याची सूचना देणारे पत्र पाठवले. कुलूपबंद कर्ण्याची नोंद त्याच पत्रातली. ठरलेली जागा आठवत नसलेले कामगार, सराव आठवत नसलेले कामगार, तेही त्यातच. लेखी योजना या जागेसाठी बेतलेली नव्हती, असेही त्यात आहे. समुद्रापासून हजारेक किलोमीटर आत असलेल्या गावाच्या योजनेत समुद्री चक्रीवादळाचा उल्लेख होता.

म्हणजे ती योजना कोणीतरी दूर बसून सगळ्या इमारतींसाठी एकच लिहिली होती आणि इथे आणून ठेवली होती. एडवर्ड्सव्हिलच्या दारात उभे राहून 'इथून उत्तरेकडचे बाथरूम किती पावलांवर आहे' असा प्रश्न ती लिहिणाऱ्याने विचारलेला नव्हता. चालकांच्या प्रशिक्षणाची कोणतीही फाइल हातात आली तर तिच्यात गावाचे नाव खोडून दुसरे घालून पाहावे. मजकूर तसाच चालत असेल तर ती फाइल त्या गावातल्या माणसांसाठी लिहिलेली नाही.

किमान अपेक्षा पाळूनही सहा माणसे मरतात, तेव्हा अपेक्षाच बदलायला हवी. ओशाच्या पत्रातल्या शिफारशींना खर्च जवळपास नाही: इशारा देण्याचे साधन हाताशी ठेवा, प्रत्येक कामगाराला आसऱ्याची जागा माहीत करून द्या, या जागेच्या धोक्यांप्रमाणे योजना लिहा, सराव घ्या. यातली एकही गोष्ट तंत्रज्ञानाअभावी राहिलेली नव्हती.

1 जानेवारी 2025

इलिनॉयमध्ये गोदामांच्या टोर्नाडो-सज्जतेचा स्वतंत्र कायदा लागू झाला. गोदाम चालवणाऱ्याने टोर्नाडोसाठी लेखी सुरक्षा योजना करावी आणि ती स्थानिक बचाव पथकांकडेही असावी, असे तो सांगतो. मृतांच्या कुटुंबीयांनी दावे लावले, लोकप्रतिनिधींमागे लागले, गावातल्या लोकांनी पाठपुरावा केला, म्हणून हे झाले.

हा कायदा इमारतीपुरता आहे. 7.08 ला दूरच्या रस्त्यावर, कुलूपबंद इमारतींच्या मधोमध, पार्सलांनी भरलेल्या व्हॅनमध्ये जो चालक होता, तो त्यात येत नाही. भोंगा वाजल्यावर रूट अर्धवट सोडला तर नोकरी जाणार नाही, हे त्याला लेखी द्यावे लागेल. त्याच्या डिस्पॅचरला आणि डिस्पॅचरच्या मालकालाही तेच लेखी द्यावे लागेल, आणि त्यावर सही ठेकेदाराची नव्हे, ज्याच्या नावाची पार्सले व्हॅनमध्ये आहेत त्या कंपनीची असावी लागेल.